खंडपट आणि प्रतिनिधी : मोटारीच्या फाटक्या टपाविषयी एक विचार

ज्या मोटारीचे छप्पर हवे तेव्हा दुमडून मागे बसवता येते आणि हवे तेव्हा पुन्हा डोक्यावर ओढून घेता येते तिला कन्व्हर्टिबल म्हणतात, आणि अशा मोटारींच्या कितीतरी नमुन्यांत हे छप्पर पत्र्याचे नसून कापडाचे किंवा रेक्झिनसारख्या व्हिनाइलचे असते. पोलाद, काच आणि रबर यांनी घडलेल्या यंत्रावर हा एक मोठा भाग शिवणयंत्रावरून उतरलेला असतो, आणि म्हणून तो यंत्राच्या आयुर्मानाने न जगता वस्त्राच्या आयुर्मानाने जगतो. इंजिन नीट राखले तर कित्येक दशके चालते. टप त्याच्या खूप आधी विरतो, उसवतो, फाटतो. तो फाटला की ठिगळ लावावे की सगळाच बदलावा, हा प्रश्न मालकापुढे उभा राहतो. वरवर पाहता हा खर्चाचा प्रश्न आहे, परंतु त्याच्या पोटात तत्त्वज्ञानाचा एक जुना वाद दडलेला आहे : भाग बदलल्यावर वस्तू तीच राहते काय? या वादावर भारतीय दर्शनांनी आणि पाश्चात्त्य विचारवंतांनी विपुल लिहिले आहे. तरीही केवळ त्या वादावर थांबणाऱ्याला टपाचे काय करावे हे कळत नाही, आणि ते कळण्यासाठी न्यायशास्त्रापेक्षा मीमांसेकडे, म्हणजे यज्ञातील द्रव्य नासले तर काय करावे याचा विचार करणाऱ्या शास्त्राकडे, जावे लागते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

विचार नेमका व्हावा म्हणून एक नमुना समोर ठेवणे सोयीचे आहे. जपानमधील हिरोशिमाच्या माझदा कंपनीने फेब्रुवारी 1989 मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात एमएक्स-5 ही दोन आसनांची लहान गाडी प्रथम दाखवली, आणि एप्रिल 2016 मध्ये तिची दहा लाखावी गाडी तयार झाली. तिच्या पहिल्या पिढीचा टप व्हिनाइलचा होता, आणि त्याच्या मागील बाजूस काचेऐवजी लवचीक पारदर्शक प्लास्टिकची खिडकी होती. ही खिडकी झिपने जोडलेली असे, जेणेकरून टप खाली घेण्यापूर्वी झिप उघडून ती सपाट पाडता यावी आणि दुमडीत सापडून तिला चीर पडू नये. प्लास्टिकला ऊन लागले की ते पिवळसर आणि धूसर होते, थंडीत ताठरते, आणि ताठरलेले प्लास्टिक दुमडले की तडकते. झिपमुळे निर्मात्याने आपल्या रचनेतच एक कबुली देऊन ठेवली होती की खिडकी टपाच्या आधी मरेल आणि तेव्हा टप न बदलता फक्त खिडकी बदलता यावी. 1998 मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीत त्या जागी खरी काच आली, आणि काच कापडाहून अधिक टिकाऊ असल्यामुळे मरणाचा क्रम उलटला.

महागड्या गाड्यांचे कापडी टप बहुधा तीन थरांचे असतात : बाहेर रंगीत धाग्यांचे विणलेले ॲक्रिलिक, मध्ये पाणी अडवणारा रबराचा पातळ थर आणि आत सुती-पॉलिएस्टरचे अस्तर. हे कापड धातूच्या कमानींवर ताणलेले असते. आत ताणपट्टे आणि कडांमधून जाणारे तारेचे दोर त्याला घट्ट धरतात, आणि मागच्या काठाशी एक पन्हळ असते जी झिरपलेले पाणी गोळा करून गाडीच्या अंगातील नळ्यांवाटे खाली सोडते. टपाचा नाश क्वचितच एका घावाने होतो. उन्हातील अतिनील किरणांनी कापडाआधी शिवणीचा दोरा कुजतो. ताणपट्टे सैल पडले की कापड झोळ धरते आणि झोळात पाणी साचते. व्हिनाइल आकसले की कोपऱ्यांवर ओढ येते. कमानीच्या कडेवर तीच ती दुमड पडून कापड तेथे विरते. नळ्या पाचोळ्याने तुंबल्या की पाणी दाराखालच्या पोकळ पत्र्यात उतरते आणि बाहेरून गाडी चकचकीत दिसत असतानाच आतून गंज धरतो. आणि कधी कधी चोर टपाला सुरीने चीर पाडतो, म्हणून अशा गाड्यांचे काही मालक दारे मुद्दाम कुलपाविना सोडतात, कारण आत ठेवलेल्या वस्तूपेक्षा टप महाग पडतो.

महाराष्ट्रात अशा मोटारी तुरळक असल्या तरी ही कारागिरी मराठी वाचकाला अनोळखी नाही; रिक्षाचे आणि जीपचे हूड शिवणारे कारागीर याच अडचणींशी रोज झुंजतात. त्यांना जे हाताने ठाऊक असते ते असे की प्रत्येक टाका हे पाण्यासाठी एक भोक आहे. म्हणूनच उसवलेली शिवण पुन्हा घालताना चांगला कारागीर जुन्याच भोकांतून सुई नेतो आणि उन्हाला टिकणारा पॉलिएस्टरचा दोरा वापरतो; मधोमध पडलेली चीर तो शक्यतो शिवत नाही, तर आतल्या बाजूने त्याच जातीच्या कापडाचा तुकडा चिकटवतो आणि बाहेरची कड सांधतो. दुरुस्तीचे हे सगळे शहाणपण एका सूत्रात बसते : बरे करताना नवी जखम करू नये.

आता तत्त्वज्ञानाच्या वादाकडे. न्याय-वैशेषिक दर्शनात वस्तू आणि तिचे भाग यांच्या संबंधाची चर्चा करताना वारंवार येणारे उदाहरण तंतू आणि पट यांचे, म्हणजे धागे आणि कापड यांचे आहे, आणि त्यामुळे या दर्शनाचे म्हणणे टपाला जसेच्या तसे लागू होते. नैयायिकांच्या मते कापड म्हणजे धाग्यांचा केवळ समूह नव्हे. धाग्यांपासून उत्पन्न होणारे, पण धाग्यांहून वेगळे असे ते एक स्वतंत्र द्रव्य आहे. भागांना ते अवयव म्हणतात आणि त्यांच्यापासून झालेल्या अखंड वस्तूला अवयवी. अवयवी आपल्या अवयवांत समवाय या नावाच्या अविभाज्य संबंधाने राहतो, आणि धाग्यांचा परस्परसंयोग हे त्याचे असमवायी कारण, म्हणजे ज्याच्या नाशाने कार्याचाही नाश होतो असे कारण, मानलेले आहे. यातून एक कठोर निष्कर्ष निघतो आणि नैयायिक तो टाळत नाहीत. कापडातून एक धागा जरी निघाला तरी पूर्वीचा संयोग मोडला, संयोग मोडला म्हणून पूर्वीचे कापड नष्ट झाले, आणि उरलेल्या धाग्यांपासून त्याच क्षणी एक नवे, किंचित लहान कापड उत्पन्न झाले. या नव्या कापडाला खंडपट म्हणतात. मग आपल्याला ते कालचेच कापड का वाटते? त्याचे उत्तर असे की ती ओळख सारखेपणावर उभी आहे, जशी दिव्याची ज्योत क्षणोक्षणी बदलत असूनही आपण तिला तीच ज्योत म्हणतो.

या मताप्रमाणे चीर पडलेला टप हा कालच्या टपाहून वेगळा आहे, आणि ठिगळ लावलेला टप त्या दोघांहून वेगळा. ठिगळाची छटा निराळी असेल तर आणखी एक प्रश्न येतो, कारण एका द्रव्याचा रंग एकच असला पाहिजे असे मानणाऱ्यांना अनेक रंगांच्या धाग्यांचे कापड अडचणीत टाकते. प्राचीन नैयायिकांनी त्यासाठी चित्ररूप, म्हणजे विविधतेचाच एक स्वतंत्र रंग, कल्पिला, आणि नव्यन्यायाच्या रघुनाथ शिरोमणींनी ही कल्पना नाकारून रंग वस्तूच्या एखाद्या भागापुरताही असू शकतो असे मानले. उन्हाने विटलेल्या टपाविषयीही हे दर्शन गप्प नाही. उष्णतेने पार्थिव द्रव्याचे रंग बदलण्याच्या क्रियेला पाक म्हणतात, आणि कच्चा घडा भट्टीत लाल होताना नेमके काय घडते यावर दोन्ही शाखांत मतभेद आहेत : वैशेषिकांच्या मते घडा परमाणूंपर्यंत विघटित होतो, परमाणूंचा रंग पालटतो आणि नवा घडा घडतो, नैयायिकांच्या मते घडा अखंड राहूनच त्याचा रंग बदलतो. पहिल्या मताला पीलुपाकवाद आणि दुसऱ्याला पिठरपाकवाद अशी नावे आहेत. ज्याचा काळा टप वर्षानुवर्षांच्या उन्हात करडा झाला आहे त्याला वैशेषिक सांगेल की मूळ टप केव्हाच गेला. नैयायिक सांगेल की तो अजून आहे, फक्त विटला आहे.

या सूक्ष्मतेत खरी ताकद आहे, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी मुळीच नाही. नैयायिकांनी एक गोष्ट पक्की दाखवली की तीच वस्तू हा आपला दैनंदिन अनुभव जितका साधा वाटतो तितका नाही. पण येथेच त्यांची मर्यादाही दिसते. एक धागा निघाला तरी नवे द्रव्य आणि सगळे कापड बदलले तरी नवे द्रव्य असेल, तर डागडुजी आणि बदल यांत तत्त्वतः फरक उरत नाही, आणि ज्याला दोन्हींतून एक निवडायचे आहे त्याच्या हाती काही लागत नाही.

बौद्धांचे उत्तर उलट दिशेने जाऊन त्याच जागी पोचते. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात ग्रीक वंशाचा राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद आहे, आणि त्यात नागसेन राजाला त्याच्याच रथाविषयी विचारतो की दांडा हा रथ आहे काय, आस हा रथ आहे काय, चाके, सांगाडा, जू, लगाम यांपैकी कोणता रथ. राजा प्रत्येकाला नाही म्हणतो आणि अखेरीस मान्य करतो की या सर्वांच्या आधाराने रथ हे केवळ एक नाव, एक व्यवहारसंज्ञा चालते. टप काढला तरी गाडी आहे आणि टप घातला तरी गाडी आहे, कारण गाडी नावाचे वेगळे द्रव्य मुळात नव्हतेच. जैन दर्शनाने मधला मार्ग धरला : प्रत्येक सत् वस्तूत उत्पत्ती, नाश आणि स्थैर्य ही तिन्ही एकाच वेळी असतात, द्रव्य टिकते आणि त्याचे पर्याय, म्हणजे अवस्था, पालटत राहतात. व्यवहाराशी हे सर्वाधिक जुळते, तरी कोणता भाग द्रव्यापैकी आणि कोणता पर्यायापैकी हे ठरवण्याची कसोटी टपापुढे उभ्या असलेल्या माणसाला त्यातूनही मिळत नाही.

पाश्चात्त्य परंपरेत हाच वाद ग्रीक पुराणकथांतील वीर थीसिअस याच्या जहाजाच्या निमित्ताने चालत आला. प्राचीन ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने लिहून ठेवले आहे की अथेन्सच्या लोकांनी ते जहाज जतन करताना कुजलेल्या फळ्या काढून नव्या बसवल्या आणि तत्त्वज्ञांमध्ये त्यावर दोन तट पडले. 1655 च्या आपल्या लॅटिन ग्रंथात टॉमस हॉब्ज या इंग्रज विचारवंताने त्यात एक पेच घातला : काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवून त्यांचेच पुन्हा जहाज बांधले, तर दोहोंपैकी खरे कोणते? हा पेच मोटारींच्या जगात निव्वळ कल्पनेत राहिला नाही. बेंटली कंपनीच्या ओल्ड नंबर वन नावाच्या उघड्या शर्यतीच्या गाडीने फ्रान्समधील ल मांची चोवीस तासांची शर्यत 1929 आणि 1930 अशी सलग दोन वर्षे जिंकली. पुढे तिचे इंजिन आणि सांगाडा बदलत गेले, आणि 1932 मध्ये ब्रुकलँड्सच्या शर्यतीत ती कोसळून चालक क्लाइव्ह डनफी याचा मृत्यू झाला, त्यानंतर ती पुन्हा बांधली गेली. 1990 मध्ये ती एक कोटी पौंडांना विकण्याचा करार झाला, तेव्हा ही ती गाडीच नव्हे असे म्हणून खरेदीदाराने पैसे देण्याचे नाकारले आणि प्रकरण लंडनच्या उच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती ऑटन यांनी निर्णय दिला की 1929 च्या गाडीचे फार थोडे भाग उरलेले असले, आणि म्हणून तिला मूळ गाडी म्हणता येत नसले, तरी ती नक्कलही नाही. तिचा इतिहास कोठेही तुटलेला नाही, ती एकाच गाडीच्या रूपाने सतत ओळखली गेली आहे, आणि म्हणून ती अस्सल ओल्ड नंबर वन आहे.

हा निर्णय महत्त्वाचा आहे, कारण त्याने अस्सलपणाचे ठिकाण द्रव्यातून काढून इतिहासात ठेवले. तरीही तो मागे पाहणारा निर्णय आहे. जे बदल होऊन गेले त्यांनंतर वस्तू कोणती, हे त्याने सांगितले. उद्या कोणता बदल करावा आणि कोणता करू नये, हे त्याने सांगितले नाही, आणि न्यायालयाचे ते कामही नव्हते.

मीमांसा या बाबतीत वेगळी आहे, कारण तिचा प्रश्नच पुढे पाहणारा आहे. जैमिनींच्या मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात प्रतिनिधीचा विचार केलेला आहे. प्रतिनिधी म्हणजे विहित द्रव्य मिळत नसेल किंवा मध्येच नासले तर त्याच्या जागी घेतलेले दुसरे द्रव्य. व्रीही, म्हणजे शेतातला भात, विहित असताना तो बिघडला तर यज्ञ सोडून द्यावा काय? मीमांसकांचे उत्तर असे की सोडू नये, नीवार, म्हणजे रानातला देवभात, घ्यावा, आणि त्याचे कारण हे की नीवारात व्रीहीचे पुष्कळ अवयव आहेत, त्यामुळे नीवार घेणारा माणूस मूळ विधीचे शक्य तितके पालनच करतो. प्रतिनिधी म्हणजे मूळच्या आज्ञेतून सुटका नव्हे. तिच्याजवळ राहण्याचा तो उरलेला मार्ग आहे. या विचारात रस असणाऱ्या मराठी वाचकाला वाईच्या प्राज्ञपाठशाळेने प्रसिद्ध केलेला, केवलानंदसरस्वतींनी संपादित केलेला मीमांसाकोश उपलब्ध आहे.

मीमांसकांनी पुढे जी मर्यादा घातली ती या संपूर्ण चर्चेत निर्णायक आहे. त्यांनी सांगितले की प्रतिनिधी द्रव्याला असतो, परंतु देवतेला नाही, अग्नीला नाही, मंत्राला नाही आणि क्रियेलाही नाही. भाताऐवजी दुसरा भात चालेल, पण ज्या देवतेला आहुती द्यायची तिच्याऐवजी दुसरी देवता घेतली किंवा जी क्रिया करायची तिच्याऐवजी दुसरी क्रिया केली, तर तो यज्ञ दुरुस्त झाला असे होत नाही, तो वेगळाच काहीतरी झाला. द्रव्य साधन आहे, आणि ज्यासाठी साधन असते त्या ठिकाणी अदलाबदल चालत नाही. वस्तूत काय बदलता येते आणि काय नाही याची ही कसोटी न्यायाच्या अवयवीपेक्षा कितीतरी उपयोगी आहे, कारण ती वस्तू कशाची बनली हे न विचारता ती कशासाठी आहे हे विचारते.

ही कसोटी टपाला लावली तर उत्तर स्वच्छ मिळते. कन्व्हर्टिबल गाडीत कापड हे द्रव्य आहे, आणि टप उघडणे व मिटणे ही क्रिया आहे. व्हिनाइलच्या जागी ॲक्रिलिकचे कापड आले, प्लास्टिकच्या खिडकीच्या जागी काच आली, जुन्या दोऱ्याच्या जागी अधिक टिकाऊ दोरा आला, तर प्रतिनिधी आला एवढेच झाले. पण गळतीला कंटाळून मालकाने टपाचे सांधे सर्वत्र डिंकाने आणि चिकटपट्टीने असे बुजवले की टप पुन्हा कधी उघडताच येऊ नये, तर कापडाचा एकही धागा न बदलता त्याने क्रियेला प्रतिनिधी दिला, आणि मीमांसेच्या दृष्टीने तेच निषिद्ध आहे. सर्वसाधारण समजूत याच्या बरोबर उलट असते : मूळ कापड टिकले म्हणजे गाडी वाचली आणि नवे कापड घातले म्हणजे काहीतरी गेले, असे हळव्या मालकाला वाटते. ज्या डागडुजीने टप उघडायचा थांबतो ती डागडुजी खोटी आहे, आणि ज्या बदलाने तो पुन्हा उघडू लागतो तो बदल खरा आहे, हे येथे ठामपणे म्हटले पाहिजे. थंडीच्या देशांत हिवाळ्यापुरते वरून बसवायचे धातूचे किंवा फायबरचे कडक छप्पर मिळते. ते ऋतू सरल्यावर उतरते, म्हणून त्याला दोष देता येत नाही, परंतु फाटक्या टपाची लाज झाकण्यासाठी तेच कायमचे बसवून टाकले तर तीही क्रियेची हत्याच आहे.

मीमांसेचा आणखी एक बारकावा कारागिरांच्या फार कामाचा आहे. समजा व्रीहीऐवजी नीवार घेतला आणि तो नीवारही नासला, तर तिसरे द्रव्य कशासारखे शोधावे? मीमांसकांचे उत्तर असे की ते नीवारासारखे न शोधता व्रीहीसारखे शोधावे, कारण विधी व्रीहीचा होता आणि प्रतिनिधीला स्वतःचा अधिकार नसतो. जुन्या गाडीवर तिसरा टप चढवणाऱ्याने हे ध्यानात ठेवले पाहिजे. दुसरा टप ज्या कोणी शिवला असेल त्याच्या चुका, म्हणजे कमी पडलेला ताण, सरकलेली खिडकी, आखूड झालेली कड, तिसऱ्यात उतरतात त्या याच कारणाने की माप मूळ सांगाड्यावरून न घेता आधीच्या नकलेवरून घेतले जाते. माझदाने पहिल्या पिढीच्या एमएक्स-5 साठी जपानमध्ये कारखान्याच्या पातळीवर पुनरुद्धाराची सेवा सुरू केली आणि 2017 च्या अखेरीस त्यासाठी अर्ज घेण्यास आरंभ केला, तेव्हा तिने टायर, लाकडी सुकाणूचक्र यांबरोबर व्हिनाइलचा टपही जुन्या धर्तीवर पुन्हा निर्माण केला. हा उद्योग व्यापारी असला तरी तत्त्वतः तो मुख्यसदृश, म्हणजे मूळ विहित द्रव्यासारख्या, द्रव्याचाच शोध आहे.

कापड मूळ जातीचेच असले पाहिजे असा आग्रह कोठे योग्य आणि कोठे अवाजवी, हेही याच पादातून ठरवता येते. नित्य कर्म, म्हणजे कर्तव्य म्हणून कायम करायचे कर्म, यथाशक्ती केले तरी चालते, त्याची काही अंगे राहिली तरी ते वाया जात नाही. काम्य कर्म, म्हणजे विशिष्ट फळाच्या इच्छेने करायचे कर्म, मात्र सर्वांगांनी पूर्ण झाले तरच फळ देते. जी गाडी रोज रस्त्यावर जाते तिचा टप नित्य कर्माच्या कक्षेतला आहे. हाताशी असलेले चांगले कापड, सांधलेली शिवण, जुळती नसली तरी भक्कम खिडकी यांवर तिचे भागते आणि भागले पाहिजे. जी गाडी अस्सलपणाच्या पारितोषिकासाठी प्रदर्शनात उतरते ती काम्य कर्म आहे, आणि तिच्या मालकाने टाक्याच्या अंतरापर्यंत काटेकोर असणे क्रमप्राप्त आहे. ऐतिहासिक वाहनांच्या जागतिक संघटनेने ट्युरिन येथे 2013 मध्ये कायम केलेली सनद, जी वास्तूंच्या जतनासाठी 1964 मध्ये व्हेनिस येथे झालेल्या सनदेच्या धर्तीवर आहे, ती जतनाला पुनर्निर्माणाहून अग्रक्रम देते आणि केलेल्या बदलांची नोंद मागते. नित्य आणि काम्य या दोन वर्गांची सरमिसळ झाली की रोजच्या गाडीच्या मालकाला उगाच अपराधी वाटू लागते.

येथवर काय बदलता येते ते ठरले. केव्हा बदलावे हे ठरायचे राहिले, आणि त्याचे उत्तम उत्तर बौद्ध विनयात, म्हणजे भिक्षूंच्या आचारनियमांत आहे. भिक्षापात्र पाच ठिकाणी सांधलेले नसताना जो भिक्षू दुसरे नवे पात्र मागून घेतो त्याला दोष लागतो आणि ते पात्र संघापुढे सोडून द्यावे लागते, असा तेथे नियम आहे. या नियमाचे सौंदर्य त्याच्या नेमकेपणात आहे. तो नव्याचा निषेध करत नाही आणि जुन्याला कायमचे चिकटून राहायलाही सांगत नाही. नवे मागण्याचा अधिकार डागडुजीने कमवावा लागतो एवढेच तो सांगतो. विनयाच्याच चुल्लवग्गात कौशांबीचा राजा उदेन बुद्धाचा शिष्य आनंद याला विचारतो की राण्यांनी दिलेल्या पाचशे चीवरांचे, म्हणजे भिक्षूंच्या वस्त्रांचे, तो काय करणार. आनंद सांगतो की ज्यांची चीवरे झिजली आहेत त्या भिक्षूंना ती देऊ, आणि पुढे त्यांच्या जुन्या चीवरांचे पांघरूण होईल, जुन्या पांघरुणांची गादीची खोळ, जुन्या खोळींचे जमिनीवरचे आच्छादन, त्यानंतर पायपुसणे, त्यानंतर धूळ झटकण्याचे फडके, आणि शेवटी ती फडकी कुटून चिखलात मळून जमीन लिंपली जाईल. राजा संतुष्ट होऊन तितकीच चीवरे आणखी देतो. वस्त्राच्या मरणाचा इतका सविस्तर आणि इतका आदरयुक्त विचार धर्मवाङ्मयात क्वचितच सापडेल.

टपाला हे लावताना एक भेद मात्र विसरता कामा नये. पात्र गळले तर भिक्षूचीच भिक्षा सांडते. टप गळला तर पाणी दुसऱ्यांना खाते, म्हणजे खालच्या पत्र्याला, तारांना, आसनांना. टपाचा धर्मच झीज स्वतःवर घेऊन खालच्याला वाचवण्याचा आहे. म्हणून सांधलेली शिवण पाणी अडवत असेल तोवर पाचवे ठिगळही योग्य आहे, आणि मधला रबराचा थर फुटून कापड सर्वत्र झिरपू लागले असेल तर पहिले ठिगळही अयोग्य आहे. जीर्ण टपाविषयीची माया पत्र्याच्या गंजाने फेडली जात असेल तर ती माया कसली?

हिंदू परंपरेत जीर्णोद्धाराचा विचार याच काठावर उभा आहे. अग्निपुराणातील जीर्णोद्धाराच्या विधीत भग्न मूर्ती विधिपूर्वक काढून लाकडाची असेल तर अग्नीत आणि दगडाची असेल तर पाण्यात विसर्जित करावी, आणि तिच्या जागी त्याच मापाची व त्याच द्रव्याची नवी मूर्ती स्थापावी, असे सांगितले आहे. पंढरपूरच्या विठ्ठलमूर्तीची झीज थांबवण्यासाठी वेळोवेळी झालेला वज्रलेप महाराष्ट्राला ठाऊक आहे, आणि मूर्ती बदलण्याचा विचारही वारकऱ्याला सहन होणार नाही. मूर्ती आणि मोटार यांना एका पायरीवर बसवण्याचा येथे हेतू नाही, आणि तसे करणे श्रद्धेचा अवमान होईल. ज्या मूर्तीच्या पायांवर पिढ्यान्‌पिढ्यांनी डोके टेकले तेथे तो पाषाण केवळ साधन उरलेला नसतो, म्हणून त्याला प्रतिनिधी नाही. टपाच्या कापडाला असा मान कोणी दिलेला नाही, म्हणून त्याला आहे. परंतु नव्याचे माप जुन्याकडून घ्यावे आणि जुन्याला निरोप विधीने द्यावा, या दोन गोष्टी मोटारीच्या कारागिरालाही लागू पडतात, आणि त्या व्यवहारातही खऱ्या आहेत. जुना टप उतरवताना त्याच्या कडांवर पिनांच्या आणि रिव्हेटांच्या खुणा, कमानींशी जुळणाऱ्या शिवणींच्या जागा आणि ताणदोरांच्या वाटा शाबूत असतात. नवा टप बसवणाऱ्याला त्यांच्याइतका विश्वासू नकाशा दुसरीकडे मिळत नाही. नवे कापड सुरुवातीला इतके ताठ असते की उन्हात ठेवून ऊब दिल्याशिवाय पुढच्या काचेवरच्या कड्या लागत नाहीत, आणि ते कमानींवर बसायला दिवस लागतात.

म्हणून टप बदलायला निघालेल्या प्रत्येकाला विनंती आहे की त्याने आधी पन्हळ आणि नळ्या साफ करून घ्याव्यात, शिवणी तपासाव्यात आणि खरोखर कापडच संपले आहे ना याची खात्री करावी. त्यानंतरही बदलायचेच ठरले तर जुना टप कारागिराकडे टाकून येऊ नये. नवा टप एक पावसाळा किंवा एक हिवाळा काढून न गळता उघडू-मिटू लागेपर्यंत जुना टप घडी घालून घरी ठेवावा.